एकतीस उल्का

९ मार्च, शनिवार

एकतीस! साडेसात ते साडेनऊ, दोन तासांत एकतीस उल्का!

या महिन्यात तासाला दोन-तीन दिसल्या तरी नशीब समजायचं. म्हणून आमच्या खगोलमंडळातलं कुणी फिरकतच नाही. कॉलेजच्या गच्चीवर आम्ही दोघंच — मी आणि घड्याळवाले. अकरा वर्षं असंच चाललंय. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करतात, अंधार पडला की जिना चढून वर येतात. दोन सतरंज्या, मध्ये थर्मास, बॅटरीला लाल कागद. नियम ठरलेला — एकमेकांना काही सांगायचं नाही. दिसली की आपापल्या कागदावर रेघ मारायची, नजर खाली न आणता.

आभाळ कसं धुतल्यासारखं होतं. थंडीही आता जायला निघालीय, शालीची गरज लागली नाही. आणि सुरू झालं! सगळ्या डाव्या कडेला. वरून खाली, पांढऱ्याशुभ्र, क्षणात गुल. माझी पेन्सिल थांबेना. त्यांच्या पेन्सिलीचा आवाजच नाही.

शेवटी कागद ताडून पाहिले. माझ्या एकतीस, त्यांच्या दोन. दोन!

"डोळा लागला होता का?" म्हटलं.

"नाही बाई. जागाच होतो."

१० मार्च, रविवार

नवा उल्कावर्षाव असणार. दुसरं काय? तसं ठरलं तर उल्कांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राच्या यादीत पाहणाऱ्याचं नाव लागतं. माझं!

तीस वर्षं प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली. भौतिकशास्त्राच्या सरांच्या तासाला लोलक मांडा, तास संपला की पुसून ठेवा, काचेवर बोटाचा ठसा दिसला तर पोरांसमोर बोलणी खा. निबंध सरांचे, सत्कार सरांचे. आभाराच्या यादीत "व इतर कर्मचारी". मी म्हणजे इतर!

११ मार्च, सोमवार

सरांकडे कागद दिला. मंडळाचे कार्यवाहही तेच ना, जाणार कुठे?

"अहो, या महिन्यात? इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही ते तुम्हाला बरं दिसलं!" आणि हसले. मग म्हणे, दुसऱ्या निरीक्षकाचा कागद आणा, आकडा जवळपास जुळला पाहिजे, सही पाहिजे, मग पाठवतो. बोलता बोलता माझ्या कागदावर चहाचा कप ठेवला. उचलला तेव्हा एकतीसवर गोल डाग.

कप नेऊन विसळलाही मीच. शरम वाटते लिहायला.

१२ मार्च, मंगळवार

घरात चिलटं फार झालीत. वाचताना सारखी डोळ्यांसमोर. भावजय म्हणते, "कुठायत चिलटं, ताई? मला तर एक दिसत नाही." हिला कधी काय दिसलंय!

१३ मार्च, बुधवार

आज एकटीच गेले. घड्याळवाल्यांना कळवलंच नाही.

चव्वेचाळीस! मुद्दाम सतरंजी फिरवून उलट्या बाजूला तोंड केलं, तरी पडतातच — तिथेही डावीकडे. म्हणजे आभाळभर पडताहेत. आणि त्या माणसाला दोन दिसतात!

खाली उतरताना पायरी चुकले. गुडघा सोललाय. चुलीत गेला गुडघा.

१४ मार्च, गुरुवार

दुकानात गेले. त्यांच्या नावाचा कागद आधीच भरून नेला होता, माझ्याच हाताने — नऊ मार्च, सत्तावीस उल्का. फक्त सही करा म्हटलं.

भिंग काढून त्यांनी कागद वाचला. दोनदा. "बाई, मला दोन दिसल्या. दोनच लिहिणार."

"अकरा वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं?"

"नाही. म्हणून तर वाईट वाटतंय."

मग माझा तोल गेला. म्हटलं, चाकं मोजून मोजून डोळे कामातून गेलेत तुमचे, आभाळ बघायची लायकी राहिली नाही! सरळ सांगा ना, पोटात दुखतंय म्हणून! बाईमाणसाचं नाव लागेल ते बघवत नाही! समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्यांनी एक घड्याळ उचललं आणि उगाच किल्ली देत बसले.

कागद तिथेच टाकून आले.

१५ मार्च, शुक्रवार

काही नाही. झोप नाही.

१६ मार्च, शनिवार

दुपारी घड्याळवाले प्रयोगशाळेच्या दारात! पहिल्यांदाच आले इथे. हातात तोच कागद, घडी न करता आणलेला. सही केलेली!

"परवा तुम्ही म्हणालात त्यावर विचार केला," म्हणाले. "दुकानात डोळ्यांची परीक्षा करून पाहिली. बारीक स्क्रू अजून दिसतात मला. पण तुम्ही अकरा वर्षांत एक रेघ खोटी मारलेली नाही. म्हणजे चूक माझीच असणार."

आत बसा म्हटलं, बसले नाहीत. यापुढे गच्चीवर येणार नाहीत. "ज्या माणसाला सत्तावीसच्या जागी दोन दिसतात त्याने कशाला मोजायचं?" सतरंजी तुम्हालाच राहू दे म्हणाले.

वाईट वाटलं. थोडंसंच! खरं ते खरं. सरांच्या नाकावर टिच्चून दोन्ही कागद टेबलावर ठेवले. आता हसू नव्हतं चेहऱ्यावर. माझ्यासमोर पाकिटात घातले, शिपायाने टपालात टाकले. पत्राखाली माझं नाव, पूर्ण.

१७ मार्च, रविवार

सकाळी तोंड धुताना साबण झोंबला म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले. एक उल्का पडली. डावीकडे, वरून खाली, पांढरीशुभ्र. मग दुसरी. टॉवेल तोंडावर दाबून धरला आणि मोजल्या.

आठ.