हुकाखालचा भाऊ

प्रिय धाकट्या,

क्रेनवर राबणाऱ्या आपणा सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं आहे: आजारी पडलं की आपल्याला खोटारडं ठरवतात. युनियनच्या गेटसभेत मीच हे गरजून सांगतो आणि तू टाळ्या वाजवतोस.

वर्षभरापासून माझ्या डोळ्यांपुढे बारीक ठिपके वळवळतात. डोळे मिटले तरी थांबत नाहीत. केबिनमध्ये बसलो की जमीन कलते. एक डॉक्टर म्हणाला कानाचं, दुसरा म्हणाला मेंदूचं, तिसरा म्हणाला, "मनावर घेऊ नका." आजाराला नाव नाही, म्हणून रजाही नाही.

काल खालून तू हाताने आधी 'माल खाली सोड' अशी खूण केलीस, मग 'थांब' अशी. पण तुझ्या पहिल्या खुणेचा हात माझ्या डोळ्यांपुढून हललाच नाही. मला दोन्ही खुणा एकदम दिसत राहिल्या. मी अंदाजाने थांबलो. माल तुझ्या डोक्यावर हातभर अंतरावर झुलत होता.

"दादा, केस कापायचे होते तर सांगायचंस!" तू हसून ओरडलास. मीही हसलो.

आधीची दोन पत्रं माझ्या सीटखाली पडून आहेत. हेही बहुधा तिथेच जाईल, याचीच भीती वाटते. उद्या शिडीपाशी मला अडव आणि माझ्या हातातली क्रेनची चावी काढून घे.

तुझा घाबरलेला,
दादा