धूरनळ्यांमधलं डांबर

प्रिय स्टाफन,

काल या हिवाळ्यातली शेवटची भट्टी विझली आणि आज सकाळपासून मी तळघरात घर तापवायचा बॉयलर साफ करते आहे. हाताची काजळी साबणानेही निघत नाही, त्यामुळे कागदावर ठसे उमटले तर चालवून घे. आई बरी आहे. बागेत बर्फाचा एकच मळका ढीग उरलाय. ती रोज खिडकीतून बघते आणि विचारते, "गेला का गं तो?"

राख काढली, भट्टीच्या दाराच्या फटीतली जळकी दोरी बदलली, तिथवर सगळं नेहमीसारखं होतं. मग धूरनळीत तारेचा ब्रश घातला, तर तो निम्म्यातच अडकला. आत काळं, चकचकीत डांबर धरलं होतं, काचेसारखं कडक. दोन तास खरवडत बसले आणि प्रत्येक फटक्याला तुला नावं ठेवली. नाताळच्या जेवणात आई आणि तुझ्या पेर्निलासमोर मी तुला म्हणाले होते, "शहरात राहून बायकोला पडदे लावून देतोस, पण सरपण वाळवून रचायचं विसरलास. हिवाळाभर ओलं लाकूड जाळतेय मी." तू बशी खाली ठेवलीस आणि त्याच दुपारी गाडी काढलीस. तेव्हापासून तुझा फोन येतो तो फक्त आईला.

अकराच्या सुमारास धुराडं झाडायला म्हातारा ब्योर्ये आला. नळीत दिवा धरून त्याने आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "एक ठिणगी वर गेली असती, तर धुराड्यासकट पेटला असता तुम्ही." मी म्हटलं, लाकूड ओलं होतं, भावाने रचलेलं. "असं? बघू की." त्याने तुझ्या ढिगातलं उरलेलं बर्चचं एक फोडलेलं लाकूड उचललं, एका टोकाला भांड्यांचा साबण चोळला आणि दुसरं टोक माझ्या तोंडापुढे धरलं. "फुंक, बाई." बाबा आपल्याला फुंकायला लावायचे तसंच फुंकलं. ओल्या लाकडातून वारा जात नाही, तुला माहीत आहे. साबणावर बारीक बारीक बुडबुडे आले. "खडखडीत वाळलंय," ब्योर्ये म्हणाला. "भाऊ बरा आहे तुझा. हवेची झडप कोण दाबून ठेवत होतं, ते सांग."

आज कळलं, चूक झाली, असं लिहून इथेच थांबले असते तर पत्र सोपं झालं असतं. पण ते खरं नाही. तुझी लाकडं एकमेकांवर आपटली की वाळल्या लाकडासारखी खणखणायची आणि मी ते नोव्हेंबरपासून ऐकत होते. संध्याकाळी भट्टी गच्च भरायची आणि झडप जवळजवळ बंद करायची, म्हणजे सकाळपर्यंत खाली उतरायला नको. आईला रात्रीतून तीनदा धरून बाथरूमला न्यावं लागतं. चौथ्यांदा उठून तळघराचा जिना उतरण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. हवा कमी पडली की लाकूड नुसतं धुमसतं आणि नळीत डांबर धरतं, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतं. मी दुर्लक्ष केलं आणि धूर मागे यायला लागल्यावर तुझं नाव घेतलं.

आत्ताच कॉफी पिताना आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मला काय सांगतेस? त्याला सांग." म्हणून लिहिते आहे. पेर्निलालाही हे वाचून दाखव, कारण तिच्यासमोर बोलले होते. यंदा सरपण फोडायला येऊ नकोस. येणार असलास तर दोन आठवडे आईजवळ राहा आणि मला झोपू दे. जमणार नसेल तर तसं कळव. मी मनात काही धरणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन. माझ्या एकटीच्याने आता होत नाही, एवढंच मला त्या जेवणात म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून मी लाकडांबद्दल बोलले.

तुझीच, काळ्या हातांची,
इंगेला