बिनझालरीचा ड्रेस

३ मार्च, सकाळी ९
समोरच्या टेलरबाईने दुकानात तिसरा आरसा लावला. आरसे लावून शिवण सरळ येते वाटतं? काचेतल्या पुतळीला झालरीचा ड्रेस, झालरीला लेस, लेसला मणी. नुसता भपका! बावीस वर्षं शिवतोय, माझ्या दुकानातून एक झालर बाहेर पडलेली नाही.

४ मार्च
पंधरा तारखेला मुलीचं गाणं. पहिल्यांदाच स्टेजवर. ड्रेस मीच शिवणार. निळा, पायघोळ, साधा. तिने हळूच विचारलं, खाली छोटीशी झालर चालेल का. म्हटलं, गायला जातेस की पडदा म्हणून टांगून घ्यायला? उठून रियाजाला बसली. पटलं असणार.

५ मार्च
बायको म्हणते, पोरीचं माप घ्या. वहीत आहे की! शिवाय बापाच्या डोळ्यात माप असतंच. घरच्या घरी टेप काढायची म्हणजे नसतं अवडंबर. कापडही मोजून आणलं. खाली दुमडायला जादा सोडणं हे कच्च्या हाताचं काम.

९ मार्च
कापून झालं. एक चिंधी उरली नाही. समोरचीने बघावं आणि शिकावं.

११ मार्च
बायकोची भुणभुण चालूच. म्हणे, एकदा अंगाला लावून तरी बघा. ट्रायल गिऱ्हाइकाची असते. लक्ष दिलं नाही.

१४ मार्च, दुपारी
मुलीने ड्रेस घातला. घोट्यापर्यंत यायचा तो पोटरीवरच थांबला. कापड आटलं, दुसरं काय! ती आत गेली. बायको सांगते, रडतेय. वहीतलं माप पुन्हा तपासलं. बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वीचं आहे, एवढंच.

१४ मार्च, ४ वाजता
लांबी वाढवायला एकच उपाय. तसलं निळं कापड एकाच दुकानात. गेलो. समोरचीने ड्रेस न बघताच वीतभर रुंद झालर काढली. म्हणाली, एवढी लागेलच, तुमची लेक रोज शाळेत जाताना हात करते ना, केवढी उंच झालीये! आगाऊ बाई. झालर मात्र पुरली.

१५ मार्च
छान गायली म्हणतात. मी झालरच बघत होतो. सरळ बसलीये. दोघीतिघींनी मुलीला विचारलं, झालर कुणी सुचवली? ती म्हणाली, बाबांनी. मी नाही म्हटलं नाही.

१६ मार्च, सकाळी
टेप घेऊन तिला दारात उभं केलं. खांद्याला टेप लावायला पूर्वी वाकावं लागायचं. आज नाही लागलं. दोन वर्षं ही पोर माझ्यासमोर जेवतेय आणि मी बघितलंच नाही. तिने विचारलं, बाबा, आता माप कशाला?

टेप गुंडाळत म्हटलं, झालरीसाठी.