मानेचं माप साडेचौदा

४ फेब्रुवारी

सलूनमध्ये गेलो होतो. न्हाव्याने गळ्याभोवती कापड गुंडाळलं, मागे गाठ मारली आणि आरशात बघून म्हणाला, मान जरा सैल झालीये तुमची. मी म्हणालो, कापड सैल असेल. तो म्हणाला, कापड घट्टच आहे.

केस एकाच बाजूचे कापून झाले होते, म्हणून उठून जाता आलं नाही.

मला काडीचा फरक पडलेला नाही. फक्त नोंद करून ठेवतोय. पुढच्या महिन्यापासून सलून बदलायचं.

५ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा

बाथरूमच्या आरशात शांतपणे पाहणी केली. वय सव्वीस. गेल्या चौदा महिन्यांत सत्तावीस किलो वजन उतरवलं, तेही ताईचे टोमणे ऐकत. पोट गेलं, गाल गेले, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायला लागलं. हनुवटीखालची कातडी मात्र जिथल्या तिथे. आतला माल गेला, गोणी राहिली. चिमटीत धरली तर सहज येते. सोडली तर परत जाते, पण घाई करत नाही.

हनुवटी वर केली की सगळं नाहीसं होतं. म्हणजे दोष मानेचा नाही, पोझिशनचा आहे.

संकल्प: आजपासून उशी बंद. रोज शंभर वेळा छताकडे बघून आ, ई, ऊ. सकाळ-संध्याकाळ क्रीम. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून बघणे. कुणाला काही सांगायचं नाही.

५ फेब्रुवारी, रात्री आठ

ताईने विचारलं, बाथरूममध्ये कुणाला हाका मारत होतास?

८ फेब्रुवारी

मोठी बातमी. आमचं दुकान शर्टांचं. फक्त शर्टांचं. कुणी पँट शिवायला आणली तर बाबा त्याला कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता देतात. माप बाबा घेतात, कटिंग बाबा करतात, मशीनवर ताई. माझ्याकडे काजं, बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं. सव्वीस वर्षांचा माणूस आणि काजं करतो. असो.

बाबांच्या उजव्या अंगठ्याला आता कात्री पेलत नाही. चार थर कापड कापलं की हात झटकत बसतात. आज जेवताना म्हणाले की पुरुषांच्या एका गायकमंडळाची ऑर्डर आली आहे. चोवीस जणांचे पांढरे शर्ट, चोवीस तारखेला कार्यक्रम. माप आणि कटिंग सगळं मी करायचं. काम नीट झालं तर एक मार्चपासून कटिंगचं टेबल माझं, बाबांच्या कात्रीसकट.

ताई ताटं उचलायला लागली. ती माझ्या आधी सहा वर्षं दुकानात आली, पण तिला मशीन आवडतं. म्हणजे तिने तसं कधी म्हटलेलं नाही, पण आवडत असणार.

त्या टेबलापाशी उभं राहायचं म्हणजे दुकानाचा चेहरा होणं. गिऱ्हाईक पहिल्यांदा आपल्याकडेच बघणार. तेव्हा चेहऱ्याखालचा भाग नीट असायला हवा. ही हौस नाही, धंद्याची गरज आहे. डॉक्टरकडे नुसती चौकशी करायला काय हरकत आहे?

११ फेब्रुवारी

उशी न घेता सहावी रात्र. मान आखडली आहे. हनुवटी वर गेली ती खाली येत नाही. भाकरीचा तुकडा ताटात कुठे आहे ते चाचपून बघावं लागतं.

बाबांनी विचारलं, काय झालं. पोश्चर सुधारतोय, म्हणालो. आरशात पाहिलं तर कातडी दिसतच नाही. म्हणजे उपाय लागू पडतोय. दुखणं हा त्याचाच भाग.

१३ फेब्रुवारी

गायकमंडळाच्या तालमीच्या हॉलवर जाऊन चोवीस मापं घेतली. त्यांच्या संचालिका म्हणजे अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या छोट्याशा बाई. त्यांनी टाळी वाजवली की चोवीस दांडगे पुरुष चिडीचूप होतात.

बाबांची पद्धत जुनी. माणसाला साधं उभं राहू द्यायचं, त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि तो विसरला की मानेभोवती टेप टाकून आत दोन बोटं घालायची. मी जरा आधुनिक केलं. प्रत्येकाला सांगितलं, छताकडे बघा. काहींना सांगावंही लागलं नाही, माझ्याकडे बघून त्यांनी आपोआप हनुवटी वर केली. आणि दोन बोटांऐवजी एकच बोट. सैल कातडी ही काही मान नव्हे. ती तात्पुरती आहे, शर्ट टिकणार आहे.

खर्जात गाणारे एक जाडजूड काका म्हणाले, आम्ही वहीत बघून गातो हो, वर बघून नाही. त्यांना म्हटलं, काका, फिटिंग माझ्यावर सोडा.

चोवीस माना एवढ्या जवळून पाहिल्या. माझ्यापेक्षा सैल अकरा. पण त्यांतला एकही सव्वीसचा नाही.

घरी येऊन स्वतःचंही माप घेतलं. साडेचौदा. उत्तम.

१६ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबांना सांगितलं, दोरा आणायला जातोय.

वेटिंग रूममध्ये सगळ्यांच्या मांडीवर मासिकं आणि सगळे दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टरांनी माझी कातडी दोन बोटांत धरून ओढली, सोडली, पुन्हा ओढली. बाबा कापडाचा पोत बघतात तशी. मग बरंच बोलले. वजन भराभर उतरलं की असं होतं, वय लहान आहे, वर्षभरात कातडी बरीचशी आपोआप आवळेल. ऑपरेशन केलं तर व्रण राहील, आणि तुमच्या वयात मी ते सुचवणार नाही. मशीनने गरम करून थोडा फरक पडतो, थोडाच. मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो.

थोडक्यात, डॉक्टर नाही म्हणाले नाहीत. मशीनच्या तीन वेळा ठरवून टाकल्या. पहिली बावीसला सकाळी.

बाहेर पडलो तेव्हा फार बरं वाटत होतं. लोक काय म्हणतील याची मला पर्वा नाही. शरीर माझं, निर्णय माझा. दोरा आणायचा राहिला.

१७ फेब्रुवारी

कटिंग. बाबा बाहेरच्या स्टुलावर मुद्दाम पाठ करून बसले, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. कात्री झकास चालली. फक्त मान आखडल्यामुळे खाली बघता येत नव्हतं, म्हणून टेबलाखाली चार विटा ठेवून ते उंच केलं.

ताई माझी मापवही चाळून म्हणाली, हे खर्जातले काका साडेसोळा? माझ्या डोळ्यांना ते सतराच्या खाली दिसत नाहीत. मी म्हणालो, डोळ्यांनी माप घेत नाहीत, टेपने घेतात. ती म्हणाली, बाबांना दाखवू का एकदा? मी म्हणालो, ऑर्डर कुणाची आहे?

ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली. जरा लागेल असंच बोललो. पण अधिकार एकदा दाखवावा लागतो.

२० फेब्रुवारी

स्वतःसाठी एक शर्ट शिवला. कॉलरची पट्टी नेहमीपेक्षा पाऊण इंच उंच, आत ताठ राहण्यासाठी बकरमचं कडक कापड, तेही दुहेरी. कॉलर म्हणजे गळ्याभोवतीची भिंतच. कातडीला आत राहण्याशिवाय इलाज नाही.

दुपारपर्यंत घातला. कातडी आत राहिली नाही, भिंतीवरून वाकून बघायला लागली. शेवटी एका गिऱ्हाइकाने विचारलं, पट्टा लावलाय का मानेला, अपघात झाला का? हो म्हणालो. त्याने फार आपुलकीने चौकशी केली.

२२ फेब्रुवारी

आज शर्टांची ट्रायल घ्यायची होती. आमच्याकडे ट्रायलशिवाय शर्ट बाहेर जात नाही, हा बाबांचा नियम. पण मशीनची पहिली वेळही आजचीच. संचालिका बाईंना फोन करून सांगितलं की ट्रायलची गरज नाही, आमचं माप अचूक असतं. बाबांना सांगितलं, हॉलवर ट्रायल झाली, सगळे खूश आहेत.

हे खोटं नाही. ट्रायल झाली असती तर खूश झालेच असते.

मशीन म्हणजे गार जेल आणि वर गरम इस्त्री. नर्सने विचारलं, भाजतंय का? मी म्हणालो, मी इस्त्रीतलाच माणूस आहे. बाहेर आलो तेव्हा मान टोमॅटोसारखी लाल. ताईने कारण विचारलं नाही. नुसतं बर्फाचं भांडं पुढे ठेवलं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच

शर्ट पोचवले. हँगरवर चोवीस पांढरेशुभ्र शर्ट, एकेक कॉलर सुरीसारखी. बाबांनी एका कॉलरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "छान कापलंस." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. रिक्षात बसेपर्यंत तेच दोन शब्द मनात घोळवत होतो.

बाबा, ताई आणि मी, तिघांना पहिल्या रांगेचे पास आहेत. उंच कॉलरचा शर्ट घालणार.

२४ फेब्रुवारी, रात्री नऊ

पडदा वर गेला तेव्हा चोवीस जण हनुवटी वर करून उभे होते. मला वाटलं, काय रुबाब आहे. बाबांना कोपराने ढोसलंसुद्धा.

मग बाईंनी हात वर केला आणि सगळ्यांनी वह्या उघडल्या. वहीत बघायचं तर हनुवटी खाली यायला हवी, आणि ती खाली येईना. काहींनी वह्या डोळ्यांसमोर उंच धरल्या, त्यामुळे प्रेक्षकांना नुसती पुठ्ठ्यांची रांग दिसत होती. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. दुसऱ्यात वरचा सूर लावायचा होता. तिथे एकेकाचा चेहरा तांबडा व्हायला लागला. खर्जातल्या काकांनी मोठा श्वास घेतला आणि त्यांचं बटण सुटून थेट बाईंच्या पायाशी आलं. बाईंनी ते पाहिलं, गाणं थांबवलं आणि सगळ्या सभागृहासमोर शांतपणे म्हणाल्या, "वरची बटणं काढा."

उरलेल्या तेवीस जणांनी एकदम बटणं काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या शर्टांसाठी नव्हत्या, एवढं मलाही कळलं.

नंतर ते फार सुरेख गायले. आवाज मोकळे झाले होते.

बाबा शेवटपर्यंत समोर बघत बसले.

२५ फेब्रुवारी

कारणं लिहून काढली. एक, कापड आटलं असणार. दोन, गाताना मान फुगते हे गायकांनी आधी सांगायला हवं होतं. तीन, हॉलमध्ये उकडत होतं.

सकाळी दहाला संचालिका बाई दुकानात आल्या. आवाज चढवला नाही. पंधरा मार्चला दुसरा कार्यक्रम आहे, तोवर काय करणार, एवढंच विचारलं. बाबा म्हणाले, "ट्रायलला कळलं नाही का हो कुणाला?" बाई म्हणाल्या, "कसली ट्रायल? तुमच्या मुलानेच नको म्हणून सांगितलं."

बाबा माझ्याकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी तयारीत होतो. त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि बाईंबरोबर हॉलवर गेले, पुन्हा मापं घ्यायला. ताईला बरोबर नेलं. मला नाही.

दुकानात एकटाच होतो. कारणांचा कागद वाचून बघितला. मग फाडला. आखडलेली मान आज सकाळपासून मोकळी आहे, हे दुपारी लक्षात आलं.

२६ फेब्रुवारी

मशीनची दुसरी वेळ होती. गेलो. यात मागे हटण्यासारखं काही नाही. दुकानातली चूक वेगळी, मान वेगळी.

नर्स म्हणाली, फरक जाणवतोय. मी विचारलं, कुठे? तिने दाखवलं. तो डॉक्टरांच्या दिव्याचा उजेड होता.

२८ फेब्रुवारी

कॉलरी उसवतोय. चोवीस. बाबांनी वहीत माझ्या आकड्यांवर काट मारलेली नाही, शेजारी नवे लिहिले आहेत. प्रत्येक ठिकाणी अर्धा ते पाऊण इंच जास्त. खर्जातले काका सव्वासतरा. ताईचे डोळे बरोबर होते. हे तिला सांगायला हवं.

सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये." मग म्हणाली, "तू बारीक झालास तेव्हा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. तुला टोमणेच तेवढे ऐकू आले."

मी पुढची कॉलर उसवायला घेतली.

१ मार्च

बाबांनी सकाळी कात्रीला तेल दिलं, फडक्याने पुसली आणि ताईच्या हातात दिली. भाषण नाही, काही नाही. ताईने दोन्ही हातांनी घेतली आणि लगेच पाठ वळवली. मला वाटलं होतं, मला राग येईल. राग नाही आला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण तिच्या पाठीकडे बघून हेही कळलं की तिला मशीन आवडतं हे मीच ठरवलं होतं.

मग बाबांनी तिला मापं घ्यायला शिकवायला सुरुवात केली. माप घ्यायला माणूस लागतो. म्हणाले, "ये, इथे उभा राहा."

उभा राहिलो. ताईने मानेभोवती टेप टाकला. माझी हनुवटी सवयीने वर गेली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून हलकेच खाली दाबलं. म्हणाले, "खाली बघ रे. माणूस दिवसभर खाली बघूनच काम करतो. शर्ट त्यासाठी असतो." हात लगेच काढला नाही.

कातडी टेपवर आली. सगळ्यांना दिसली. ताईने ती बाजूला सारली नाही, टेपच्या आत घेतली, दोन बोटं घातली आणि आकडा सांगितला. पंधरा.

वहीत मीच लिहिला.

डॉक्टरांच्या वेळेबद्दल माझा विचार पक्का आहे. तिसरी वेळ घेणारच, कुणी काही म्हणो. फक्त ती दहा तारखेची आहे, आणि दहाला मला चोवीस कॉलरींची काजं करायची आहेत. उद्या फोन करून पुढची तारीख विचारायची.