कावळ्यानं चोरावं म्हणून

अण्णा, यंदा मी तुमच्यापेक्षा एका वर्षानं मोठी झाले. तुम्ही गेलात तेव्हा मला तुम्ही चांगले म्हातारे वाटला होतात. आता आरशापुढे उभी राहून केस विंचरताना कळतं की ते काही जायचं वय नव्हे. तेव्हा आज थोडं मोठेपणानं बोलले तर रागावू नका. तुम्हाला सांगण्यासारखी एक गंमत झाली आहे आणि ती समजेल असं माणूस तुमच्याशिवाय मला आठवत नाही.

साखर कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर. मागच्या अंगणात बाजेवर धोतर अंथरून आईनं कुरडया वाळत घातल्यात आणि कावळे त्या उचलून नेतायत. आई तुम्हाला म्हणते, "दुपारभर पेपर वाचता, त्यापेक्षा काठी घेऊन बसा." तुम्ही काठी घेत नाही. नगरला जाऊन छर्‍याची बंदूक घेऊन येता आणि मला शागीर्द करता. मी अकरा वर्षांची, दोन वेण्या, सुट्टीतही कॉन्व्हेंटचे बूट घालणारी. तुम्ही स्वतःही नवशिकेच होतात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा तुम्ही असं बोलायचात की जन्मभर हेच केलंय. पहिला धडा, कावळ्याकडे बघायचं नाही. बाकीच्या पाखरांना बंदुकीची भीती, कावळ्याला नजरेची. दुसरा, थवा बघू नकोस, पहारेकरी शोध. एकजण कायम उंचावर, एकटा बसलेला असतो. तिसरा, बंदूक बंदुकीसारखी धरायची नाही. म्हणून ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, कुणी आजारी मूल कडेवर घ्यावं तशी तुम्ही अंगणातून नेता.

आणि तो कोळशाच्या खोलीचा डाव! दोघांनी आत शिरायचं, एकानं बाहेर यायचं, की कावळ्याला वाटतं खोली रिकामी झाली. कावळ्याला तसं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही धाकट्यालाही आत घेतलंत, तिसऱ्या दिवशी आईला. "अहो, सगळं घर कोळशाच्या खोलीत शिरलेलं बघून शेजारचे काय म्हणतील?" "मोजणी चुकवायची आहे त्याची." "त्याची नाही चुकत. तुमचीच चुकलीय, डोक्यात." आम्ही तिघं बाहेर आलो, तुम्ही आत. कडुनिंबावरचा कावळा जागचा हलला नाही. तासाभरानं तुम्ही खोकत, काळेठिक्कर होऊन बाहेर आलात तेव्हा तो सावकाश खाली उतरला आणि एक कुरडई घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात आपल्या हातून एकही कावळा मेला नाही. पाण्याचा माठ मात्र फुटला. कावळ्यांनी तुमची टोपी ओळखून ठेवली, कारखान्यात जाताना तुमच्या डोक्यावर झेप घ्यायला लागले, आणि तुम्ही भर उन्हाळ्यात छत्री घेऊन जायला लागलात. आई हसून हसून दमायची. म्हणायची, "एवढं वैर धरलंय, उद्या पिंडाला शिवायचे नाहीत हं तुमच्या."

ती थट्टाच होती. पण तुमच्या दहाव्याला खरंच कावळा शिवला नाही. मी इथं सिंगापूरला, विमानाचं तिकीट मिळेपर्यंत तेरावा आला. धाकट्यानं फोनवर सांगितलं, की घाटावर सगळे उन्हात ताटकळले. आईला सांभाळीन म्हणून झालं, घराचं नीट करीन म्हणून झालं, काकांनी आपल्या वाटणीचंही बोलून पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताई, तुझं नाव घ्यायचं राहिलं गं." तो सहज बोलला. मी मात्र ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं. तुमचं काय राहिलं होतं? माझ्याशी बोलायचं? दर पितृपक्षात मी लिटिल इंडियातल्या देवळात शिधा देते आणि घरी येते. यंदा, तुमच्याहून मोठी झाल्यावर, ठरवलं, की एकदा तरी तुमच्या नावानं कावळा जेवलाच पाहिजे.

ठरवणं सोपं. बुकित पंजांग भागातल्या आमच्या ब्लॉकभोवती साळुंक्या आहेत, कबुतरं आहेत, पहाटे कोकीळ जीव नकोसा करतो, पण कावळा नाही. मी सराव म्हणून आदल्या आठवड्यात कॉरिडॉरच्या कठड्यावर भाताची मूद ठेवली आणि आपल्याकडे बोलावतात तसं "काव, काव" करून बोलावलं. समोरचं दार उघडलं. त्या घरात एक चिनी अंकल राहतात, ऐंशीच्या आसपासचे, एकटे. वीस वर्षं आम्ही लिफ्टमध्ये फक्त पावसाबद्दल बोललो असू.

"आंटी! बर्डला फूड देऊ नको! फाइन होणार, यू नो?" त्यांचं इंग्रजी मी मराठीतच लिहिते, लहेजा आणि इथल्या बोलीतलं ते 'लाह' मात्र त्यांचंच. "आणि क्रो कशाला बोलावते? मी सगळे शूट केले, लाह!"

मला वाटलं थट्टा करतात. पण खरंच, पूर्वी इथं कावळे फार वाढले होते तेव्हा बंदुका चालवता येणारे हौशी लोक परवाना घेऊन कावळे मारायला जायचे, त्यात हे होते. मी त्यांना सांगितलं, माझे वडीलही कावळ्यांचे शिकारी होते. अंकलनी मला चहाला आत बोलावलं. अण्णा, तासभर तुमचेच धडे ऐकत होते मी! नजर लावू नको. पहारेकरी शोध. टोपी घाल, दे रिमेंबर युअर फेस. "तुझ्या डॅडीनं किती मारले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक माठ." माठ म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर त्यांचा चहा नाकात गेला.

मग पुढचे सात दिवस, मऊ चपला घालून, टोप्या घालून आम्ही दोघं कावळे हुडकत हिंडलो. कावळा माणसाच्या उष्ट्याजवळ राहतो, म्हणून हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्या. त्यातही ज्याच्या बाहेर मोठं झाड आहे असं. तिसऱ्या ठिकाणी झाडाच्या शेंड्यावर एकटा, राखाडी मानेचा पहारेकरी मला आधी दिसला. "गुड आइज, आंटी," अंकल म्हणाले. कॉन्व्हेंटमध्ये स्पेलिंगचं बक्षीस मिळालं होतं तेव्हाही मी इतकी फुगले नव्हते. राहता राहिला फाइन. त्यावर अंकलनी निकाल दिला, "यू कॅनॉट गिव्ह. ही मस्ट स्टील."

तुमच्या तिथीला पहाटे उठून स्वयंपाक केला. भरडाचे वडे, तांदळाची खीर, कढी, आमसुलाची चटणी, अळूची भाजी. दुपारी कडेचं टेबल धरलं. माझ्यापुढे उघडा डबा, अंकलपुढे चिकन राइस. तुमच्या श्राद्धाला चिकन राइस, पण शिकाऱ्याला माफ असावं. पहारेकरी झाडावर होता. मी खाली बघून जेवायचं नाटक केलं. कावळा आला नाही. अंकल कोळशाच्या खोलीचा डाव ऐकून होते, ते उठून कॉफी आणायला गेले. कावळा आला नाही; इथल्यांनाही मोजता येतं. टेबलं पुसणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या, "फिनिश ऑलरेडी?" दुपार कलायला लागली. मग मी हळूच, मराठीत, सगळं बोलून पाहिलं. धाकट्याला दर रविवारी फोन करीन. आईची सोन्याची पाटली तुमच्या नातीलाच देईन. आणि शेवटी, जे फोनवर राहून गेलं होतं ते: अण्णा, माझं चांगलं चाललंय, माझी काळजी करू नका. झाडावर नुसती पानं हलत होती. माझे डोळे भरून आले.

अंकलना ते दिसलं असावं. त्यांनी उगाच विचारलं, "तुझ्या स्कूलला माहीत होतं, डॅडी हंटर आहे?" आणि मला ते आठवलं, इतक्या वर्षांत कुणालाच न सांगितलेलं. 'माय हॉबी' हा निबंध. मी लिहिलं होतं, माझा छंद कावळ्यांची शिकार. सिस्टरनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन आलात. सिस्टर म्हणाल्या, मुलगी हिंसक होत चालली आहे, काळजी वाटते. तुम्ही उभे राहून, अत्यंत गंभीरपणे म्हणालात, "सिस्टर, प्लीज डोन्ट वरी. शी हॅज नॉट हिट एनीथिंग येट." सिस्टरच्या टेबलावरची घंटा, त्यांच्या डोक्यावरचं थरथरणारं पांढरं वस्त्र, त्या हसू दाबतायत, आणि तुम्हाला कळतच नाहीये का ते! मी हे अंकलना सांगत होते आणि मला हसू आवरेना. पोट धरून, टेबलावर कपाळ टेकून हसले. अंकलनी माझा दंड धरला. "आंटी! आंटी! गॉन!" डब्यात तीन वडे होते. दोन उरले होते.

त्या दोघांतला एक अंकलनी खाल्ला, एक मी. इतका चांगला वडा मी आजवर केला नव्हता. पहारेकऱ्याची फांदी रिकामी होती. अंकल म्हणाले, "व्हेरी फास्ट वन. तुझ्या डॅडीनं ट्रेन केला असणार."

पत्र तुम्हाला कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून घडी करून उशीखाली ठेवते. संध्याकाळी धाकट्याला फोन केला आणि सगळं वर्णन करून सांगितलं. कावळा कसा उतरला, मान कशी तिरकी केली, कसा माझ्याकडे बघून, जरा थांबून, वडा उचलला. फोनवर तो रडला, मग हसला, मग पुन्हा सांग म्हणाला, आणि मी पुन्हा सांगितलं. तुम्हाला मात्र खरं सांगते, अण्णा. मी पाहिलाच नाही तो. मी हसत होते.