तिसऱ्या गाण्यातली शिट्टी

रविवार, संध्याकाळ

सोने, तू उद्या विसरशील, म्हणून आजच लिहून घे. तुझ्या मोबाईलवर त्या जिंतूरच्या पोरीचा नवा अल्बम ऐकला. घरीच रेकॉर्ड केलेला. तिसऱ्या गाण्यात कुकरची शिट्टी तशीच ठेवलेली. मला तीच लई आवडली. आज परभणीत ती समोर गायली, अन् शिट्टीच न्हाई! मग मीच दोन बोटं तोंडात घातली, ज्वारीवरची पाखरं हाकलतात तशी. तुझा बाप म्हणला, "माय, लोक हसायलेत. पुन्हा न्हाई आणणार." म्हातारीनं काय भजनालाच जावं? पोरगी तर म्हणली, "आजी, अजून एकदा!" पुढच्या रविवारी ती मानवतला गाणार. मी एसटीनं जाणार. धपाटे बांधून दे, तिच्यापुरते जास्तीचे. ठेचा तुझ्या बापाला ठेव.