बाबांना फोन देऊ नकोस

आई,

तुला नमस्कार. पत्र तू बाबांना वाचून दाखवशीलच, त्यांनाही नमस्कार यातच धर.

मी मजेत आहे. नव्या खोलीला खिडकी आहे, जेवणही बरं मिळतं. तुझा गुडघा काय म्हणतो?

कामाचं विचारलं होतंस. यंत्राकडून आलेली माहिती ड्रायव्हर नावाचा मधला प्रोग्राम आपल्या बफरमध्ये, म्हणजे एका छोट्या साठ्यात, ठेवतो. माझा प्रोग्राम ती वाचायला जायचा आणि साठा रिकामा असला की तिथेच ताटकळत बसायचा. सगळं मशीन अडायचं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताटकळायचा पगार घेतोस का रे?" सगळे हसले, मीही हसलो. आता प्रोग्राम आधी बघतो, वाचण्याजोगं काही आलंय का. नसेल तर सरळ दुसऱ्या कामाला लागतो. साहेब खूश आहेत, तू काळजी करू नकोस.

म्हणून सांगतो, यापुढे बाबांना फोन देऊ नकोस. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना एकेक शब्द जुळवायला किती वेळ लागतो, आणि मी इकडे नुसता त्यांचा श्वास ऐकत बसतो. लहानपणी माझा पाढा अडला की ते कुठे थांबायचे? कानाखाली बसायचीच.

तू लिहितेस, परवा मी फोन ठेवल्यावर त्यांच्या तोंडून "जेवलास का" एवढं पूर्ण आलं. फोन अजून कानाशीच धरला होता म्हणे.

जेवलो होतो. सांग त्यांना.

तुझा,
धाकटा